सौद्यात गेलेली गॅलरी

भाव करताना मी पहिला आकडा कधी बोलत नाही. समोरच्याला बोलू देतो. तो बोलला की त्याच्याकडे न बघता एक मिरची उचलतो, देठ मोडतो, वास घेतो आणि पोत्यात परत टाकतो. एवढ्यानेच निम्मे व्यापारी खाली येतात. लालबागच्या मसाला गल्लीत मी चाळीस वर्षं हेच केलं. मालवणकडून आलो तेव्हा वडील कामाला होते ती गिरणी बंद पडली होती आणि घरात सहा तोंडं होती. डोक्यावर पोती वाहिली, मग दुसऱ्याच्या दुकानात तराजू धरला, मग स्वतःचं दुकान टाकलं. कोणी हात दिला नाही. हे मी सारखं सांगतो असं बायको म्हणते. सांगणारच. ज्यांना हात मिळाला ते सांगतात का?

हे आधीच लिहून टाकतो, कारण पुढे जे आहे त्यात चूक माझी होती असं आमच्या इमारतीत बरेच जण मानतात. थोडी होती. पण माझी बाजू आजवर कोणी पूर्ण ऐकून घेतलेली नाही.

आमची चाळ परळला होती. तीन मजले, मजल्यावर बारा खोल्या, आणि खोल्यांच्या समोरून या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारी सामाईक गॅलरी. खोली दहा बाय बाराची. त्यामुळे माणूस खोलीत फक्त झोपायचा आणि जेवायचा. बाकीचं आयुष्य गॅलरीत. कपडे तिथे वाळायचे, मुलं तिथे पाढे म्हणायची, म्हातारे तिथे दाढी करायचे. माझ्या दारासमोर एक लाकडी बाक होता. त्यावर संध्याकाळी दोघं बसायचो, मी आणि शेजारच्या खोलीतला माझा मित्र.

त्याला मी पात्रांव म्हणायचो. आमच्या कोकणात मालकाला, साहेबाला तसं म्हणतात, आणि अख्ख्या मजल्यावर इस्त्रीचा शर्ट घालून कामावर जाणारा तो एकटाच होता. तो मला शेट म्हणायचा. मी शेट नव्हतो तेव्हापासून. माझ्यापेक्षा आठ-नऊ वर्षांनी मोठा, मूळचा गिरगावातल्या जुन्या ख्रिस्ती वस्तीतला. तरुणपणी फादर व्हायला गेला होता. तीन वर्षं सेमिनरीत राहून लॅटिन शिकला, जाडजूड पुस्तकं वाचली, आणि एका मुलीसाठी परत आला. त्याच मुलीशी लग्न करून परळला खोली घेतली. बॅलार्ड पियरला जहाजांच्या एका एजंटाकडे कारकून म्हणून लागला आणि कारकून म्हणूनच निवृत्त झाला. पगारवाढ कधी मागितली नाही. हे ऐकलं तेव्हा मी त्याला वेडा म्हणालो होतो, तोंडावर.

एकदा एका व्यापाऱ्याने मला पाणी मारलेली मिरची विकायचा प्रयत्न केला. वजन वाढावं म्हणून मारतात. मी त्याची चारचौघांत अशी लाज काढली की त्याने माल तर बदललाच, वर दोन पोती कमी भावात दिली. त्या संध्याकाळी बाकावर बसलो तरी माझे कान तापलेलेच होते.

पात्रांवने विचारलं, ''जिंकलास ना?''

''जिंकलो.''

''मग हरल्यासारखा का बसलास, मॅन?''

तेव्हा त्याने पहिल्यांदा मला त्या ग्रीक माणसाबद्दल सांगितलं. तेवीसशे वर्षांपूर्वीचा कोणी तत्त्ववेत्ता. त्याचं म्हणणं होतं की सुख हेच जगण्याचं ध्येय आहे, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

''यात शहाणपण कसलं?'' मी म्हणालो. ''हे तर आपल्या नाक्यावरचा बेवडापण सांगेल.''

''बेवडा दुसऱ्या दिवशीची डोकेदुखी हिशेबात धरत नाही. हा धरायचा.'' पात्रांव हसला. ''आमच्या फादरांनी बजावलं होतं, या माणसाचं काही वाचू नका, बिघडाल. म्हणून मी सगळ्यात आधी तोच वाचला. आणि सापडलं काय? तर हा पाणी पिऊन आणि भाकरी खाऊन राहायचा. सणासुदीला थोडं चीज.''

मग त्याने समजावलं. प्रत्येक सुख घ्यायचंच असं नाही. ज्याच्यामागून मोठं दुःख येतं ते सोडायचं. ज्याच्यामागून मोठं सुख येतं ते दुःख सोसायचं. आणि हे ठरवायला माणसाकडे बुद्धी आहे. ती एका पारड्यात हे, एका पारड्यात ते टाकून बघते.

मी मांडीवर थाप मारली. ''म्हणजे आमच्यातलाच की! व्यापारी होता म्हण ना!''

''थोडासा,'' तो म्हणाला.

मला तो ग्रीक तेव्हापासून आवडला. आज वाटतं, त्याला आपल्यातला समजलो तिथेच मी घसरलो.

पुढे कित्येक वर्षं ते बोलणं चालू राहिलं. सलग नाही. मध्येच कोणाची बादली यायची, कोणाचं भांडण यायचं, माझी बायको चहा आणून ठेवायची आणि म्हणायची, ''झालं का तुमचं परदेशातलं?'' इच्छांचे ढीग लावायचे, हे मला त्यानेच शिकवलं. भूक, तहान, डोक्यावर छप्पर, हा एक ढीग. तो थोडक्यात भागतो. चांगलंचुंगलं खाणं, हा दुसरा. मिळालं तर मजेत घ्यावं, नाही मिळालं तर रडू नये. आणि नाव, मान, शेजाऱ्यापेक्षा मोठं घर, हा तिसरा. त्याला तळच नाही.

''तिसरा ढीग नसता तर माझं दुकान उभं राहिलं असतं का?'' मी चिडून विचारलं.

''दुकान पहिल्या ढिगातलं, शेट. दुकानावरची पाटी तिसऱ्यातली.''

त्याच महिन्यात मी दुकानावर दिव्यांची पाटी लावली होती, गल्लीतली सगळ्यात मोठी. दोन दिवस मी त्याच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी बाकावर येऊन बसलो, कारण दुसरीकडे बसणार कुठे? गॅलरीचा हा एक फायदा होता. तिथे रुसवा फार टिकायचा नाही. दारातून बाहेर पडलं की माणूस समोर.

त्याने असंही सांगितलं होतं की त्या ग्रीकाने गावाबाहेर एक बाग घेतली होती आणि तिथे तो मित्रांबरोबर राहायचा. बायका, गुलाम, सगळ्यांना तिथे यायला मोकळीक. मी विचारलं, ''मग मित्र कुठल्या ढिगात?''

तो रस्त्याकडे बघत म्हणाला, ''ढीग लावायला जे सोबत बसतात ते मित्र. त्यांना ढिगात कसं टाकणार?''

पात्रांवची बायको गेली त्या वर्षीचं एक सांगायला हवं. मला भावात हरवणारी ती एकमेव बाई. त्यांच्यात उन्हाळ्यात बाटली मसाला करतात, वीसएक जिनसा उन्हात वाळवून, कांडून, काचेच्या बाटल्यांत दाबून भरतात. त्याच्या मिरच्या ती माझ्याकडून घ्यायची आणि मी सांगितलेल्या भावावर नुसती हसायची. त्या हसण्यापुढे माझं काही चालायचं नाही. ती गेली आणि पात्रांव दोन आठवडे बाकावर बसून नुसता रडायचा. मला माणसांचं रडणं सहन होत नाही. मला राग येतो. मी म्हणालो, ''तुझा तो ग्रीक म्हणतो ना, मरणाला भ्यायचं कारण नाही? मग?''

''ते जाणाऱ्यासाठी आहे,'' तो म्हणाला. ''मागे राहतो त्याच्यासाठी त्याने दुसरं औषध सांगितलंय.''

''कुठलं?''

''तू बसलायस ना इथे. तेच.''

असलं काही कोणी मला म्हणालं नव्हतं, ना आधी, ना नंतर.

मग चाळीची पुनर्बांधणी आली. भाडेकरूंनी कमिटी केली आणि बिल्डरशी बोलायला मला पुढे केलं. साहजिक होतं. बाकीचे साहेब दिसला की उठून उभे राहणारे. दोन वर्षं मी त्या एसी ऑफिसात जाऊन बसलो. ते बिस्किटं ठेवायचे, मी हात लावायचो नाही. दुकान बायकोवर टाकलं. तीन वेळा मीटिंग अर्धवट सोडून उठून आलो, आणि तिन्ही वेळा त्यांनीच परत बोलावलं. एकेक चौरस फूट मी ओढून काढला.

शेवटच्या बैठकीत त्यांच्या आर्किटेक्टने नकाशा पसरला. नव्या इमारतीत प्रत्येक मजल्यावर घरांच्या समोरून एक लांब उघडा पॅसेज ठेवला होता. आमच्याच कोणीतरी सुरुवातीला तशी मागणी लिहून दिली होती. आर्किटेक्ट म्हणाला, ''ही जागा तुमची तशी वायाच जाते. ही काढली आणि दारं लिफ्टच्या लॉबीत घेतली, तर प्रत्येक घराला दुसरं बाथरूम देता येईल.''

दुसरं बाथरूम! आमच्या चाळीत मजल्याच्या टोकाला सामाईक संडास-मोऱ्या होत्या. सकाळी रांगेत उभं राहून माझी उंची खुंटली असं मी गमतीने म्हणायचो. बायको गरोदर असतानाही त्या रांगेत उभी राहिलेली मी बघितली होती. मी एका हाताने नकाशा माझ्याकडे ओढला आणि म्हणालो, ''घेतलं.''

मिरची उचलून वास घ्यायलाही थांबलो नाही. दोन वर्षांत ज्या एका गोष्टीचा भाव कोणी विचारलाच नव्हता, ती गोष्ट मी फुकटची समजलो. धंद्यात हे बरोबर असतं. ज्याला गिऱ्हाईक नाही त्याला किंमत नाही.

चाळीच्या पटांगणात सभा घेतली. मी एकेक मुद्दा वाचत गेलो. दुसऱ्या बाथरूमला टाळ्या पडल्या, बायकांनी तर शिट्ट्या मारायच्या बाकी ठेवल्या. मी आयुष्यात तेवढ्या टाळ्या ऐकल्या नव्हत्या. तेवढ्यात मागच्या रांगेतून पात्रांव उठला.

''शेट, गॅलरी कुठाय?''

''गॅलरीच्या जागी बाथरूम आलं.''

''म्हणजे राहायची जागा वाढवलीस आणि बसायची विकलीस.'' आवाज शांत होता, म्हणून सगळ्यांना ऐकू गेला. ''एकदा विचारायचं तरी.''

दोन-तीन म्हाताऱ्या होकाराने माना डोलवायला लागल्या. मला काय झालं ते मी सांगू शकत नाही. दोन वर्षांचा शीण होता, आणि आत्ताच वाजलेल्या टाळ्या होत्या. मी ओरडलो, ''आयुष्यभर खुर्चीत बसून दुसऱ्याच्या पावत्या लिहिल्यास. कधी चार आणे जास्त मागायची हिंमत झाली नाही. तू मला सौदा शिकवतोस? जा, तुझ्या त्या ग्रीकाला घेऊन ये बिल्डरकडे!''

कोणीतरी हसलं. पात्रांव खाली बसला नाही, तसाच चालत वर गेला.

माझं म्हणणं आजही तेच आहे. त्याने मला एकट्याला सांगायला हवं होतं. बाकावर. तिथे त्याने मला गाढव म्हटलं असतं तरी ऐकून घेतलं असतं. छत्तीस घरांसमोर बोलायची काय गरज होती? ज्या माणसाने त्यांच्यासाठी दोन वर्षं घासली त्याला भर सभेत उघडं पाडायचं? हा काटा मी सात वर्षं पायात ठेवला. काढला नाही. काढला असता तर चालायचं कसं, हेही मला आठवलं नसतं.

चाळ पडली तेव्हा आम्ही काळाचौकीला भाड्याने गेलो, तो माझगावला. मी फोन केला नाही, त्यानेही केला नाही. नवी इमारत झाल्यावर त्याला चौदावा मजला मिळाला, मला सतरावा. लिफ्टमध्ये कधी एकत्र आलो तर दोघंही वर बदलणारे आकडे बघायचो. चौदाला दार उघडायचं, तो बाहेर पडायचा, दार बंद व्हायचं.

घर छान आहे. दोन बाथरूम आहेत. एकात आम्ही बादल्या ठेवतो. खिडकीतून लोअर परळच्या काचेच्या इमारती दिसतात. दार लावलं की बाहेरचं काही ऐकू येत नाही. पहिले सहा महिने मला हे सुख वाटलं. मग एकदा दुकानातून घरी आलो, हातपाय धुतले आणि लक्षात आलं की आता करायचं काय हे मला माहीत नाही. टीव्ही लावला. खाली बागेत जाऊन बाकावर बसलो. शेजारी एक तरुण फोनवर बोलत होता, त्याने माझ्याकडे बघितलंही नाही. दिवसभरात काय झालं ते मला कोणाला तरी सांगायचं होतं. बायकोला सांगितलं असतं, पण ती ऐकून म्हणते, ''जाऊ दे ना.'' मला जाऊ द्यायचं नसतं. मला असा माणूस हवा होता जो विचारेल, जिंकलास ना, मग असा का बसलास?

असं मी दोन वर्षं हवं-हवं करत राहिलो, तीन मजले खाली न उतरता.

या मार्चमध्ये वॉचमनने सहज सांगितलं, ''चौदावाले काका चालले ना वसईला. मुलगी घेऊन चाललीय कायमची. घर भाड्याने लावणार.''

''कधी?''

''शनिवारी टेम्पो सांगितलाय.''

त्या दिवशी गुरुवार होता. ऐन सीझन, दुकानात वर्षाचा मसाला करून घ्यायला बायकांची रीघ. मी गल्ला बायकोकडे दिला आणि घरी आलो. चौदाव्यावर बेल वाजवली. दार साखळीएवढं उघडलं.

''काय आहे?'' पात्रांव खूप वाळला होता. कानात यंत्र होतं.

''आत घे.''

आत सगळीकडे खोकी. त्याने मला सोफ्यावर बसवलं आणि स्वतः समोर खुर्चीत बसला. सगळी अडचण तिथेच होती. आयुष्यभर आम्ही शेजारी शेजारी बसून रस्त्याकडे बघत बोललो होतो. समोरासमोर बसून त्याच्या डोळ्यांत बघत बोलायची मला सवयच नव्हती. म्हणून जे येतं ते केलं.

''दिवाळीपर्यंत थांब.''

''नाही, शेट.''

''गणपतीपर्यंत?''

''नाही.''

''बरं, मे महिना काढ. उन्हाळ्यात वसईला कसलं जातोस?''

तो हसायला लागला. हसता हसता खोकला आला. ''भाव करतोस?''

मग मला रडू आलं. साठी उलटलेला माणूस मी, कोणासमोर रडलो नव्हतो. ''चुकलं माझं,'' म्हणालो. ''विचारायला हवं होतं.''

''विचारलं असतंस तर मी काय म्हणालो असतो ठाऊक आहे?'' त्याने कानातलं यंत्र नीट केलं. ''बाथरूमच घे म्हणालो असतो. माझी बायको त्या रांगेत उभी राहायची ते मी बघितलं नव्हतं का? पण तू बाकावर बसून विचारलं असतंस. एक संध्याकाळ आपण त्यावर भांडलो असतो. तेवढीच मला हवी होती.''

''मग सभेत का बोललास? मला एकट्याला सांगायचं!''

''तूपण मला सभेतच सांगितलंस, मॅन. मला वाटलं, आता सगळ्यांसारखं मलाही हात वर करूनच बोलावं लागणार.''

सात वर्षं मी माझ्याच अपमानाला गोंजारत बसलो होतो. आधी त्याचा झाला होता हे माझ्या हिशेबातच नव्हतं.

''ये वसईला,'' तो म्हणाला. ''पण अख्खा दिवस. दुकानाचा फोन बंद करून.''

मी म्हणणार होतो, सीझन संपू दे. तोंडाशी आलं होतं. ''रविवारी येतो,'' म्हणालो.

तेव्हापासून जातो. दर रविवारी नाही जमत, पण जातो. मुलीचं घर ऐसपैस आहे. पुढे मोठा सोपा, म्हणजे ओसरी आहे, दोन आरामखुर्च्या आहेत, समोर केळी आहेत. बसायला जागाच जागा. तो झोपाळलेला असतो. मला मोठ्याने बोलावं लागतं, आणि मोठ्याने बोललं की माझ्या प्रत्येक गोष्टीचं भांडण वाटतं. आतून त्याची मुलगी डोकावून जाते. महिनाभराचं साठवून नेलेलं सांगायला बसलो की कुठून सुरुवात करावी कळत नाही. कोणत्या व्यापाऱ्याने काय म्हटलं, त्यावर मी काय म्हटलं, हे त्याच दिवशी सांगायचं असतं. शिळं झालं की त्यात चव राहत नाही. पूर्वी आम्ही काही महत्त्वाचं बोलायचो असं नाही. रोज बोलायचो, एवढंच.

मागच्या खेपेला मी त्याला विचारलं, ''तो ग्रीक बाग सोडून कधी दुसरीकडे राहायला गेला होता का?''

''मला वाटतं, शेवटपर्यंत तिथेच होता.''

''हुशार होता,'' मी म्हणालो.

''तुझ्यासारखा बिल्डर भेटला नसेल त्याला,'' पात्रांव म्हणाला आणि डोळे मिटून बराच वेळ हसला. मीही हसलो. मग थोडा रागही आला, जुना, ओळखीचा. बरं वाटलं.

तिकडे त्यांची प्रार्थना संध्याकाळी लवकर असते, मग जेवणं. मुलगी चांगली आहे, काही म्हणत नाही, पण घरात आवराआवर सुरू झाली की मला कळतं. साडेपाचला मी चपला घालतो. चाळीत आम्ही दोघं बाकावर येऊन बसायचो ते साधारण याच वेळेला.